तिकीट नाही म्हणून मोजणीही नाही?

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी बडोद्याच्या दांडिया बाजारात राहतो. रेल्वेच्या सिग्नल खात्यात 34 वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात आजवर दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा रेल्वेविषयी. या वेळी विषय वेगळा आहे. दोन-अडीच वर्षांच्या पळत्या मुलाला घेऊन थीम पार्कमध्ये जाणाऱ्या घरांविषयी मला बोलायचं आहे.

दिवाळीला मुलगा, सून आणि नातू पुण्याहून आले होते. नातू दोन वर्षं चार महिन्यांचा. घरात त्याला आम्ही भुंगा म्हणतो, कारण तो एका जागी बसत नाही आणि तोंडानं सारखं काहीतरी गुणगुणत असतो. दहाव्या महिन्यात पाऊल टाकलं, आणि आता चालणं त्याला माहीतच नाही, पळणंच माहीत आहे. आमच्या जुन्या घराचा लाकडी जिना त्यानं तीन दिवसांत पाठ केला. कोणती पायरी करकरते तेही त्याला ठाऊक झालं, आणि त्या पायरीवर तो मुद्दाम दोनदा पाय द्यायचा. दाराची खालची कडी त्याला उघडता येते, म्हणून सौ.नं वरच्या कडीला सुतळी बांधून ठेवली होती. ज्यांच्या घरात असं मूल आहे, त्यांना पुढचं बरंचसं न सांगताही कळेल.

आपल्या वाचकांपैकी जे गुजरातेत राहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, दिवाळीनंतर लाभपाचमेपर्यंत इथला बाजार बंद असतो आणि अख्खं शहर बाहेर पडतं. त्याच दिवसांत आम्ही शहरापासून तासाभराच्या अंतरावरच्या एका थीम पार्कमध्ये गेलो. नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण त्या एका जागेशी नाही. मुलाच्या पुण्यातल्या मित्रांचे अनुभव ऐकले तेव्हा कळलं की नाव बदललं तरी गोष्ट फारशी बदलत नाही.

गेटवर एक रंगवलेली फळी होती, त्यावर जिराफ, आणि जिराफाच्या मानेशेजारी सेंटिमीटरच्या खुणा. रखवालदार म्हणाला, "काका, बाबाने अहीं ऊभो राखो." भुंग्याला उभं केलं. 88 सेंटिमीटर. तिथला नियम असा की 90 सेंटिमीटरच्या आतल्या मुलाला तिकीट नाही. आम्हा चौघांची पूर्ण तिकिटं निघाली, चौघांच्या मनगटांवर कागदी पट्टे बांधले गेले, आणि एकेक जण फिरत्या दांड्यातून आत गेला. दांडा प्रत्येक माणसामागे एकदा खट्ट वाजतो आणि वर आकडा पुढे सरकतो. चार वेळा खट्ट वाजलं. नातू दांड्याच्या खालून पळत गेला. त्याचा आकडा कुठेच पडला नाही.

माझं सगळं आयुष्य अशा आकड्यांत गेलं आहे, म्हणून ते माझ्या डोळ्यांत राहिलं. रेल्वेत अ‍ॅक्सल काउंटर नावाचं यंत्र असतं. रुळाच्या एका टप्प्यात किती चाकांच्या जोड्या शिरल्या आणि दुसऱ्या टोकानं किती बाहेर पडल्या, हे ते मोजतं. दोन्ही आकडे जुळले तरच तो टप्पा मोकळा मानतात. एक जोडी जरी कमी निघाली, तरी मागच्या गाडीला सिग्नल मिळत नाही, कारण गाडीचा एखादा डबा सुटून मागे राहिला असू शकतो. त्या गेटवर मात्र आमच्या घरातला एक जीव आत गेला होता आणि ही गोष्ट गेटला माहीतच नव्हती. संध्याकाळी आम्ही चौघंच बाहेर पडलो असतो, तरी हिशेब चोख जुळला असता.

गेटवर आणखी एक गोष्ट झाली. पिशवी तपासताना सूनबाईंचा डबा काढला. त्यात मऊ भात, तूप, मेतकूट. बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणाले. दुधाची बाटली चालेल, भात नाही. सूनबाई म्हणाल्या, "दादा, ह्याला अजून तिखट खाता येत नाही, आत ह्याच्यासाठी काय मिळेल?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आणि नियम त्यानं केलेला नव्हता, म्हणून मी त्याच्यावर रागावलो नाही. शेवटी गेटबाहेरच्या पायरीवर बसून सव्वादहा वाजता, भूक नसताना, त्याला भरवलं. चार घास गेले. डबा तिथेच काउंटरवर ठेवला. आत पिझ्झा होता, बटाट्याच्या तळलेल्या काड्या होत्या, तिखट पावभाजी होती. दोन वर्षांच्या मुलाला देण्याजोगं केळं होतं, तेही पॅनकेकवर सॉस घालून. दुपारी सूनबाईंनी एका स्टॉलवाल्याला विनवून सॉसशिवाय नुसतं केळं मिळवलं.

आता पाळण्यांचं सांगतो. लहान मुलांसाठी वेगळा कोपरा होता. तिथले दोन पाळणे बंद होते. तिसऱ्यावर पाटी होती, किमान उंची 90 सेंटिमीटर. सकाळी गेटवर ज्या दोन सेंटिमीटरनी त्याला फुकट आत घेतलं, त्याच दोन सेंटिमीटरनी इथे त्याला खाली उभं केलं. उंचीची अट मी मोडायला सांगत नाही. कमी उंचीच्या मुलाला सुरक्षेचा आडवा दांडा नीट बसत नाही आणि ते त्याखालून घसरू शकतं, म्हणून ती अट असते आणि असायलाच हवी. माझं म्हणणं एवढंच आहे की 90 च्या आतल्या मुलाला दार उघडून आत घेता, तर त्याच्यासाठी आत काय ठेवलं आहे तेही सांगा.

आणि त्याला फार काही लागत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं. एका रेस्टॉरंटच्या दाराशी चाकाच्या खुर्चीसाठी केलेला उतार होता. भुंग्यानं तो शोधून काढला. वर पळायचं, वरच्या कठड्याला हात लावायचा, वळायचं आणि खाली पळत यायचं. पाऊण तास. मी घड्याळ पाहून सांगतो आहे. खाली आला की पायाच्या बोटांवर जोर देऊन थांबायचा आणि माझ्याकडे बघायचा, मी "आला!" म्हणेपर्यंत पुन्हा वर जायचा नाही. चाकाच्या खुर्चीवरून एक ताई आल्या, तेव्हा तो आपण होऊन भिंतीला चिकटून उभा राहिला आणि त्या वर जाईपर्यंत चाकांकडे बघत राहिला. तो उतार तिथे का आहे, याचा मी नंतर विचार केला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सार्वजनिक जागा सर्वांना वावरता येतील अशा करायला लावल्या, म्हणून तो आहे. कोणीतरी त्या ताईंना मोजलं, म्हणून सिमेंट पडलं.

या वयाच्या मुलाला पट्ट्यानं बांधून गोल फिरवण्यात फारसा आनंद नसतो. त्याला चढ-उतार हवा, घोट्यापर्यंतचं पाणी हवं, वाळू हवी, आणि पळायला चारी बाजूंनी बंद असलेली जागा हवी. एवढ्या कोट्यवधींच्या यंत्रांमध्ये वाळूचा एक हौद आणि एक कुंपण परवडणार नाही, असं मला वाटत नाही.

मुलगा आणि सून मोठ्या रोलर कोस्टरवर बसायला उत्सुक होते. तरुण आहेत, पैसे भरले आहेत, बसलंच पाहिजे. पण मूल सोडून दोघांनी एकदम कसं जायचं? माझ्या मंडळींचे गुडघे दुखतात, त्यामुळे भुंग्याच्या मागे पळणारा मी एकटा. म्हणून आधी मुलगा रांगेत उभा राहिला, 40 मिनिटं. तो आला, मग सूनबाई त्याच रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या, पुन्हा 40 मिनिटं. अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कांत यासाठी 'रायडर स्विच' नावाची सोय आहे. आई-वडिलांपैकी एक जण बसून येतो तोवर दुसरा मुलाजवळ थांबतो, आणि मग दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. याला ना यंत्र लागतं ना बांधकाम. रांगेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला एक चिठ्ठी द्यायला सांगितलं की झालं. त्याच पार्कांत लहान मुलांसाठी स्वतंत्र केंद्रं असतात. अंगावर पाजायला आडोसा, डायपर बदलायला टेबल, खाणं गरम करायला मायक्रोवेव्ह. आमच्या इथे डायपर बदलायचा तर बायकांच्या स्वच्छतागृहात बेसिनशेजारची ओली कडा होती आणि पुरुषांच्या स्वच्छतागृहात तेवढीही नव्हती. सूनबाई रांगेत होत्या, म्हणून मुलानं बाकावर टॉवेल अंथरून काम उरकलं, मी आडोसा धरून उभा राहिलो. बाप आणि आजोबाही डायपर बदलतात, हे आता धरून चालायला हवं.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसलो ती सांगतो.

रांगांना लोखंडी नळ्यांचे कठडे असतात. वरची नळी माझ्या कमरेला लागत होती, म्हणजे सव्वातीन फूट असेल. तिच्या खाली एकही आडवी नळी नव्हती. जमिनीपासून थेट कमरेपर्यंत मोकळी जागा. 88 सेंटिमीटरच्या मुलाला तिथून जायला वाकावंही लागत नाही. मोठ्यांसाठी जी भिंत, ती त्याच्यासाठी उघडी कमान. सूनबाई रांगेत, मुलगा पाण्याच्या बाटल्या आणायला गेलेला, सौ. बाकावर, आणि भुंग्याचा हात माझ्या हातात. माझी पिशवी दुसऱ्या खांद्यावरून घसरली. ती सावरायला मी हात सोडला. तीन सेकंद असतील. मान वर केली तेव्हा तो नव्हता.

इथे माझी चूक मला लिहिली पाहिजे. सूनबाईंनी पुण्याहून मनगटाला बांधायचा पट्टा आणला होता, एक टोक मुलाच्या मनगटाला, दुसरं आपल्या. सकाळी निघताना मीच म्हणालो, "अहो, मुलाला असं गुरासारखं बांधायचं का? मी आहे ना." त्या काही बोलल्या नाहीत, पट्टा घरी राहिला. गर्दीत पळणाऱ्या मुलाच्या मनगटाचा पट्टा म्हणजे त्याचा अपमान, हे माझं मत चुकीचं होतं. 34 वर्षं दोन-दोन, तीन-तीन सुरक्षांवर विश्वास ठेवून काम केलेल्या माणसानं एका हातावर भरवसा ठेवायला नको होता.

मी कठड्यांखालून वाकून जाऊ शकत नव्हतो. रांगेच्या वळणांतून, माणसांना बाजूला करत, उलटा बाहेर आलो. लोक रागावत होते. एक गृहस्थ म्हणाले, "सांभाळता येत नाही तर आणता कशाला?" त्या क्षणी मला उत्तर देणं शक्य नव्हतं. आज देतो. आणतो, कारण तो या घरातला आहे आणि सुट्टी त्याचीही आहे. आणि त्याला सांभाळणं हे माझं काम आहेच, पण ज्या जागेनं त्याला दारातून आत घेतलं, तिचंही थोडं आहे.

रखवालदाराला सांगितलं. तो चांगला मुलगा होता, वीस-बावीस वर्षांचा, तोही घाबरला. मूल हरवलं तर काय करायचं हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. त्यानं मला विचारलं, "पट्टा नंबर शुं छे?" मुलाच्या हातावर पट्टा नव्हता. तिकीटच नव्हतं, तर पट्टा कुठून येणार? मग त्यानं कपड्यांचा रंग विचारला आणि मला आठवेना. खरंच आठवेना. पिवळा की केशरी? सकाळी मीच बटणं लावली होती. सौ. बाकावरून ओरडली, "पिवळा! निळी चड्डी!" लाउडस्पीकरवर गाणी चालू होती. ती थांबवून घोषणा करायची तर ऑफिसात जावं लागेल म्हणाला, आणि ऑफिस गेटजवळ, म्हणजे दुसऱ्या टोकाला.

रेल्वेत हरवलेली मुलं आम्ही रोज पाहत होतो. रेल्वे सुरक्षा दलाची 'नन्हे फरिश्ते' मोहीम त्यासाठीच आहे, आणि प्लॅटफॉर्मवरच्या साध्या हमालालाही माहीत असतं की एकटं मूल दिसलं तर त्याला कोणाकडे द्यायचं. इथे एवढं मोठं आवार, एवढी माणसं कामाला, आणि कोणाला काही माहीत नाही.

सहा-सात मिनिटांनी तो सापडला. एका खोट्या धबधब्याच्या मागे, जिथे पाहुण्यांनी जायचंच नसतं. तिथे झाडलोट करणाऱ्या एका बाईंनी त्याला पाहिलं होतं. बोलण्यावरून छोटाउदेपूरकडच्या असाव्यात. त्यांनी त्याला उचलून इकडेतिकडे नेलं नाही. तिथेच जमिनीवर बसल्या, त्याला मांडीशी घेतलं, त्याच्या हातात आपला झाडू दिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारत राहिल्या. मी पोचलो तेव्हा भुंगा झाडूची एकेक काडी बाजूला करून बघत होता. रडला नव्हता. त्या म्हणाल्या, "एनी मेळे पाणी जोवा आवेलो." आपण होऊन पाणी बघायला आला होता. मी त्यांच्या पायाशीच बसलो. पैसे पुढे केले, त्यांनी घेतले नाहीत. त्यांनी जे केलं ते कोणत्याही प्रशिक्षणात शिकवावं असं होतं. मूल जिथे सापडलं तिथेच थांबायचं, म्हणजे शोधणाऱ्याची आणि मुलाची चुकामूक होत नाही.

मग मी पाहिलं की तो नेमका कशाकडे आला होता. धबधब्यामागे पंपाची खोली होती. मोटारीची घरघर मला दहा पावलांवरून ऐकू येत होती. त्यालाही आली असणार, असले आवाज त्याला खेचतात. जाळीचं दार होतं, कडी होती, कडीला कुलूप नव्हतं. घरी जशी कडी तो उघडतो तशीच, तेवढ्याच उंचीवर. दार वीतभर उघडं होतं. आत भिंतीच्या कडेनं केबल गेली होती, तिच्यावर जोड दिलेला, जोडावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि पट्टीचं टोक सुटून लोंबत होतं. खाली फरशी ओली. तो जोड जमिनीपासून दीड फुटावर होता, म्हणजे बरोबर त्याच्या हाताशी. त्या बाई आणखी अर्ध्या मिनिटानं आल्या असत्या तर काय झालं असतं, हे मी घरी आल्यावर कोणाशीही बोललो नाही. आज पहिल्यांदा लिहितो आहे.

मी सुपरवायझरला बोलावलं. दार दाखवलं, केबल दाखवली, तक्रारवही मागितली. वही दिली, मी लिहिलं, तारीख-वेळ घातली, त्यांनी माझ्यासमोर दाराला कुलूप घातलं. हे सांगणं माझं कर्तव्य आहे. केबलचं पुढे काय केलं, ते विचारायला दोनदा फोन केला. उत्तराची वाट पाहतो आहे.

संपादक महोदय, बडोद्यातल्या माणसाला हे हलकं घेता येत नाही. 18 जानेवारी 2024 ला आमच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसवलेली होती. तिथेही प्रश्न मोजणीचाच होता. त्याच वर्षी 25 मे रोजी राजकोटच्या गेम झोनच्या आगीत 27 जण गेले, त्यात मुलं होती. त्यानंतर राज्यात पाळणे आणि गेम झोनच्या परवान्यांकडे कडक नजरेनं बघायला सुरुवात झाली, हे चांगलंच आहे. पण तपासणारा अधिकारी पाळण्याचे नट-बोल्ट बघेल, आगीचा बंब बघेल, आणि ते बघितलेच पाहिजेत. त्यानं एकदा गुडघ्यावर बसूनही सगळीकडे बघावं, अशी माझी विनंती आहे. तीन फुटांच्या खालचं जग तिथूनच दिसतं. रांगेच्या खालची मोकळी जागा, हाताला येणाऱ्या कड्या, गटाराच्या जाळ्यांतली फट, हे सगळं उभ्या माणसाला दिसत नाही.

कोणी म्हणेल, फुकट आत घेतात त्या मुलासाठी धंद्यानं एवढं का करावं? मी रेल्वेचं उदाहरण देतो. पाच वर्षांखालच्या मुलाला आमच्या रेल्वेत तिकीट नाही. कित्येक वर्षं ते आईच्या कुशीत, बर्थच्या कडेला, पडत-सावरत झोपत आलं आहे. 2022 च्या मे महिन्यात लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडून, घडी घालता येणारा छोटा 'बेबी बर्थ' बसवून पाहिला. प्रयोग छोटा होता आणि त्यात सुधारणा कराव्या लागतील, पण बिनतिकिटाचं मूलही प्रवासी आहे असं कुणाला तरी वाटलं. शिवाय फुकट म्हणावं तर त्या मुलामागे चार पूर्ण तिकिटं आली होती. तो नसता तर आम्ही गेलोच नसतो.

दुपारचं थोडक्यात सांगतो. एक ते तीन ही त्याची झोपेची वेळ. गाडीत काचा खाली करून, बाजूला बसून तासभर झोपवू आणि परत येऊ, असं ठरवलं, तर गेटवर सांगितलं की एकदा बाहेर गेलात की तिकीट संपलं. मग सावली शोधली. आवारात झाडं भरपूर होती, पण बहुतेक पामची. दिसायला देखणी, सावली मात्र खांबाएवढी. दिवाळी झाली तरी आमच्याकडे दुपारचं ऊन भाजतं, आणि लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर तापतं, पाणी लवकर कमी होतं. शेवटी बंद असलेल्या एका तिकीटखिडकीच्या पत्र्याखाली उभं राहून मी त्याला खांद्यावर झोपवलं. दीड तास उभा होतो. मला त्याचं काही वाटलं नाही, पण प्रत्येकाच्या सोबत आजोबा असतातच असं नाही. मनगटावर शिक्का मारून परत आत घेण्याची पद्धत कुठल्याही जत्रेतल्या तंबूवाल्यालाही जमते.

पाडव्यापासून ठरलेलं होतं म्हणून दोन दिवसांनी त्याला कमाटीबागेत नेलं. सयाजीराव महाराजांनी 1879 साली ही बाग लोकांसाठी खुली केली. विश्वामित्रीच्या काठी, मोठमोठी जुनी झाडं, खाली गार सावली, आणि हिरवळीवर चटई टाकून कोणीही बसावं. आमच्या पाच जणांच्या डब्याला कोणी हात लावला नाही. मऊ भात त्यानं पूर्ण खाल्ला. मग संग्रहालयातल्या देवमाशाच्या सांगाड्यापाशी नेलं. बराच वेळ तो मान वर करून बघत उभा होता, आणि त्या वेळात तो अजिबात पळाला नाही. त्या बागेतही उणिवा आहेत, त्यावर निराळं पत्र लिहीन. पण मुलाला खुलं रान, झाडाची सावली आणि बघायला एक मोठी गोष्ट लागते, हे तेव्हा कोणीतरी ओळखलं होतं. मला थीम पार्क वाईट म्हणायचे नाहीत. सूनबाई रोलर कोस्टरवरून उतरल्या तेव्हा लहान मुलीसारख्या हसत होत्या, इतकं मोकळं हसताना मी त्यांना आमच्या घरात पाहिलं नव्हतं. ते त्यांना पुन्हा मिळावं.

म्हणून पार्कचालकांना आणि परवाना देणाऱ्यांना माझं मागणं आहे. तिकीट नसलेल्या प्रत्येक मुलाच्याही मनगटावर पट्टा बांधा, त्यावर पालकाचा फोन नंबर लिहा, आणि संध्याकाळी आत आलेले आणि बाहेर गेलेले पट्टे जुळवून पाहा. रांगेच्या कठड्याला जमिनीपासून फूटभर आणि दोन फुटांवर आणखी दोन आडव्या नळ्या जोडा. आमच्या प्रतापनगरच्या कोणत्याही वेल्डरला विचारा, एका रांगेचं काम एका दिवसाचं आहे. मात्र एवढं जवळ वेल्डिंग करायचं तर पार्क बंद असताना करा. पंपाची आणि विजेची प्रत्येक खोली कुलूपबंद ठेवा आणि किल्ली कोणाकडे ते दारावर लिहा. मूल हरवलं तर कोणी कुठे उभं राहायचं, हे झाडलोटीवाल्यांपासून मॅनेजरपर्यंत सर्वांना शिकवा. शिकवायला त्या छोटाउदेपूरकडच्या बाईंना बोलवा, आणि त्या वेळेचे पैसे त्यांना द्या.

आणि माझ्यासारख्या आजी-आजोबांना सांगतो. निघताना मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांत एक फोटो फोनमध्ये काढून घ्या. भडक रंगाचा एकच कपडा घाला. मुलाच्या खिशात नंबराची चिठ्ठी ठेवा, आणि सुनेनं पट्टा आणला असेल तर तो बांधा.

पुण्याला निघण्याआधी आम्ही त्याला दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं आणि पेन्सिलीनं खूण केली. माझा मुलगा याच चौकटीवर मोजला गेला होता, त्याच्या खुणा अजून आहेत. पुढच्या दिवाळीला भुंगा 90 च्या बराच वर गेलेला असेल. तेव्हा त्याचं तिकीट काढून पुन्हा त्याच पार्कमध्ये जाणार आहे. गेल्यावर आधी पंपाच्या खोलीचं दार बघेन, मग रांगेतली खालची नळी.

कळावे,
आपला,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी
दांडिया बाजार, वडोदरा